पडद्यावरचे श्वापद आणि मनातले भय

हिंस्र प्राण्यांच्या भयपटांची गंभीरपणे समीक्षा करण्याची आपल्याकडे रीत नाही. सुशिक्षित मंडळी अशा चित्रपटांना पोरखेळ समजून बाजूला सारतात, तर भाविक मंडळी ‘असले काही मुलांनी पाहूच नये’ एवढे बोलून विषय संपवितात. आम्हांला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘व्हिजिलांती कुरा’ हे परिपत्रक केवळ चलच्चित्रांसंबंधी काढले, ते चित्रपट क्षुल्लक आहेत म्हणून नव्हे, तर ते मनाला घडवितात व बिघडवितात म्हणून. ज्या चित्रपटाने मनात भय निर्माण होते, तो मनाच्या फार खोल कप्प्यापर्यंत पोहोचलेला असतो. तिथे तो काय ठेवून जातो, हे पाहणे आमच्या मते समीक्षेचे काम आहे आणि काही अंशी धर्मगुरूचेही.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न पडद्यापुरता राहत नाही. शहरापासून जवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. त्या गवताळ माळावर काळवीट आहेत, लांडगेही आहेत. लांडगा आणि धनगराचे मेंढरू यांचा हिशेब तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्याने थोड्याच दिवसांत तीन माणसांचे बळी घेतले. ऊसतोड मजुराची एक लहान मुलगी त्यांपैकी एक होती. १८ डिसेंबरला तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांत त्या परिसरातील माणसांनी जे भय अनुभवले, त्याला आम्ही खरे भय म्हणतो. पडद्यावरच्या भयाचे मोल ठरवायचे ते या खऱ्या भयाशेजारी ठेवूनच ठरविले पाहिजे.

आरंभ नागापासून करू. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा एकाच गल्लीत नांदतात आणि नागाची गोष्ट तिन्ही भाषांतल्या आज्यांना ठाऊक असते. हिंदी चित्रपटाने हीच गोष्ट उचलली. राजकुमार कोहली यांच्या ‘नागिन’ (१९७६) या चित्रपटात इच्छाधारी नागाला गोळी लागते. त्याच्या डोळ्यांत उमटलेल्या छबीवरून नागीण मारेकऱ्यांना ओळखते आणि निरनिराळी रूपे घेऊन एकेकाचा सूड उगविते. सुनील दत्त, फिरोज खान, संजय खान, विनोद मेहरा अशा नामवंतांचा ताफा असूनही चित्रपट लक्षात राहतो तो रीना रॉयच्या नागिणीमुळे. याचे कारण उघड आहे. या कथेत नीतीचा एक धागा आहे. आधी अपराध माणसाचा आहे, त्याने एका जोडप्याची ताटातूट केली आहे, आणि नागिणीचा क्रोध त्यातून जन्मला आहे. प्रेक्षक भितो, पण मनातून तो नागिणीच्याच बाजूने असतो. भयपटात असे घडणे सोपे नाही. त्याचे श्रेय आम्ही या चित्रपटाला देतो.

पण हे श्रेय देतानाच एक तक्रार मांडली पाहिजे. नाग हा डूख धरणारा, चेहरा लक्षात ठेवणारा, माग काढीत येणारा वैरी आहे, ही समजूत या चित्रपटाने घरोघर पक्की केली. प्रत्यक्षात सापाला बाहेरचा कान नसतो. तो पुंगीच्या सुरावर डोलत नाही, पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून असतो. दूध हे त्याचे अन्न नव्हे, आणि कोणाचा चेहरा मनात साठवून सूड घेण्याइतकी बुद्धी त्याच्यापाशी नसते. त्यामुळे घरात निघालेला बिनविषारी साप ‘सोडला तर डूख धरील’ म्हणून ठेचला जातो. पडद्यावर ज्या नागिणीसाठी आपण हळहळलो, तिच्याच जातीचा जीव आपण उंबऱ्यात मारतो, ही विसंगती आम्हांला बोचते.

हरमेश मल्होत्रा यांचा ‘नगीना’ (१९८६) आमच्या मते अधिक भयंकर आहे, पण त्यातील सापामुळे नव्हे. घरात नवी सून येते. ती रूपवान आहे, गुणी आहे, नवऱ्याचे तिच्यावर प्रेम आहे. एक दिवस भैरवनाथ नावाचा मांत्रिक दारात येतो आणि ही मुलगी नागीण असल्याचे सासूच्या कानी घालतो. सासू हादरते. पुढे पुंगी, नृत्य, मंत्रतंत्र असा सारा थाट आहे. श्रीदेवी आणि अमरीश पुरी यांच्या डोळ्यांनी तो प्रसंग पेलून धरला आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु नृत्य बाजूला ठेवून गोष्ट तेवढी पाहावी. परक्या घरून आलेली मुलगी मुळात माणूस नाही, ती घराचा घात करील, असे एक बाहेरचा पुरुष सांगतो आणि घर त्यावर विश्वास ठेवते. ही कथा आपल्या खेड्यापाड्यांत किती बायकांच्या वाट्याला आली असेल! कोणाला चेटकीण म्हटले गेले, कोणाला पांढऱ्या पायाची. चित्रपट सुनेच्या बाजूने उभा राहतो, शेवटी मांत्रिकाचा पराभव करतो, हे खरे. पण त्यासाठी आधी तो मांत्रिकाचे म्हणणे खरे ठरवितो. सून खरोखरच नागीण निघते! संशय घेणारी सासू चुकली, असे म्हणण्याची सोयच कथा ठेवीत नाही. तिचा दोष आमच्या दृष्टीने इथे आहे.

याच ठिकाणी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘द बर्ड्‌स’ (१९६३) या चित्रपटाची आठवण होते. हिचकॉक हे कॅथलिक घरात वाढले आणि लंडनमधील येशूसंघीयांच्या शाळेत शिकले, हे आमच्या वाचकांना ठाऊक असावे. या चित्रपटात समुद्रकाठच्या एका लहान गावावर पाखरे तुटून पडतात. ती का तुटून पडतात, याचे उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. नेहमीचे पार्श्वसंगीतही नाही, आहेत ते पंखांचे आणि चोचींचे आवाज. खाणावळीत अडकलेल्या घाबऱ्या लोकांतून एक आई पुढे येते आणि गावात नुकत्याच आलेल्या परक्या तरुणीला म्हणते की हे सारे तुझ्यामुळे घडले, तू पापी आहेस. पाखरांच्या साऱ्या हल्ल्यांपेक्षा हा क्षण आम्हांला अधिक भीतिदायक वाटतो. भय उत्तर शोधते, उत्तर सापडले नाही की अपराधी शोधते, आणि सर्वांत सोयीचा अपराधी म्हणजे नवा आलेला, परका, एकटा मनुष्य. ‘नगीना’मध्ये जे सासूने केले, तेच इथे त्या आईने केले. फरक इतकाच की हिचकॉक त्या आईला खरी ठरवीत नाही. तरुणी तिच्या थोबाडीत देते आणि प्रेक्षकाला कळते की भयाने माणसाचे काय होते.

आता ‘जॉज’कडे वळू. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा हा चित्रपट २० जून १९७५ रोजी अमेरिकेत झळकला आणि त्याने समुद्राविषयीची कोट्यवधी लोकांची भावनाच बदलून टाकली. चित्रीकरणासाठी बनविलेला यांत्रिक शार्क वरचेवर बिघडत असे. त्यामुळे दिग्दर्शकाला तो फारसा दाखविता आला नाही आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतातील दोन सुरांवर तसेच पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांवर काम भागवावे लागले. न दिसणारे अधिक भिववते, हा धडा पुढच्या भयपटांनी इथूनच गिरविला. परंतु ‘जॉज’ची थोरवी केवळ या युक्तीत नाही. समुद्रात शार्क आहे हे कळूनही गावाचा महापौर किनारा बंद करू देत नाही, कारण चार जुलैचा हंगाम बुडाला असता. एक लहान मुलगा मरतो. त्याची आई काळ्या वेषात बंदरावर येते आणि पोलीसप्रमुख ब्रॉडीच्या मुस्काटात मारते. धोका ठाऊक असताना तुम्ही किनारा उघडा ठेवलात, हा तिचा आरोप आहे. त्या एका थपडेने चित्रपट बदलतो. शार्क शार्कच आहे, तो भुकेला प्राणी आहे. जे ठाऊक असूनही गप्प बसले, त्यांचे पाप वेगळे आहे.

बायबलच्या वाचकाला हे नवे वाटू नये. दानिएलच्या ग्रंथातील सिंहांची गुहा आठवा. ती गोष्ट आपण मुलांना सिंहांची गोष्ट म्हणून सांगतो, पण तिच्यातील खरे हिंस्र प्राणी दरबारात बसलेले आहेत. मत्सराने पेटलेले अधिकारी राजाकडून कायदा करवून घेतात आणि त्या कायद्याच्या सापळ्यात निरपराध माणसाला पकडतात. राजाला हे उमगते, तो रात्रभर तळमळतो, पण शब्द मागे घेण्याचे धैर्य त्याला होत नाही. सिंह त्या रात्री जे वागले ते दरबाऱ्यांना शोभले असते!

‘जॉज’ने मात्र एक हानीही केली आणि तिची कबुली त्याच्या कर्त्यांनीच दिली आहे. शार्कची शिकार हा त्यानंतर मर्दुमकीचा खेळ झाला. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांनी २००६ मधील आपल्या निधनापूर्वीची अनेक वर्षे शार्कच्या रक्षणासाठी वेचली, आणि २०२२ मध्ये स्पीलबर्ग यांनी एका मुलाखतीत शार्कच्या संहाराबद्दल खेद व्यक्त केला. ‘चित्रपट म्हणजे चित्रपट, तो कोण मनावर घेतो?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देऊ. एका उत्तम चित्रपटानेही जर एवढे घडू शकते, तर सुमार चित्रपटांविषयी काय बोलावे? ‘अ‍ॅनाकोंडा’ (१९९७) या चित्रपटात अजगराच्या जातीचा एक प्रचंड साप माणसे गिळत सुटतो. तो का, कशासाठी, हे विचारायचे नाही. माणसे मरतात, पण कोणासाठी कोणी थांबून रडत नाही. ज्या चित्रपटात मेलेल्याची आई दिसत नाही, तो चित्रपट आम्हांला संशयास्पद वाटतो.

मराठी आणि हिंदीतील अलीकडच्या दोन प्रयत्नांचा विचार इथे आवश्यक आहे, कारण ते उलट्या दिशेने निघाले आहेत. सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (२०१४) एका खऱ्या बिबट्यावर आधारलेला आहे. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला २००९ मध्ये बाहेर काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. वाटेत शेते, गावे, रेल्वेचे रूळ आले. त्याने कोणाला इजा केली नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या कार्यावरून उर्मिला मातोंडकरची व्यक्तिरेखा बेतली आहे. पुढे २०११ मध्ये तो बिबट्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. म्हणजे या कथेतील हिंस्र श्वापद कोण, हे वाचकांनीच ठरवावे. चित्रपटाचा हेतू शुद्ध आहे. पण तो बिबट्याच्या इतका प्रेमात आहे की ज्या बाईला पहाटे अंधारात शेतात जावे लागते, तिच्या पोटातला गोळा त्याला पुरेसा जाणवत नाही. भय खोटे आहे असे सांगून भय जात नसते.

अमित मसुरकर यांच्या ‘शेरनी’ (२०२१) या हिंदी चित्रपटाने हे अधिक जाणतेपणाने हाताळले आहे. विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ या वाघिणीच्या नावावर तेरा बळींची नोंद झाली आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. तिची दोन पिल्ले मागे राहिली. चित्रपट त्या घटनेची आठवण जागवितो, जरी त्याने कथा मध्य प्रदेशात नेली असली तरी. यातील वनाधिकारी विद्या व्हिन्सेंट ही ख्रिस्ती आहे, हे पाहून आमच्या वाचकांना विशेष वाटेल. हिंदी पडद्यावर ख्रिस्ती स्त्री बहुधा नाचणारी तरी असते किंवा मद्यपी बापाची मुलगी तरी. इथे ती एक कर्तव्यदक्ष, एकाकी, थोडी थकलेली सरकारी अधिकारी आहे. वाघीण पडद्यावर क्वचितच दिसते. दिसतात ते तिच्या वाटेत खोदलेली खाण, तिच्या नावावर मते मागणारे पुढारी, हौशी शिकारी आणि मान खाली घालणारे वरिष्ठ. ‘जॉज’मधील महापौर इथे अनेक खुर्च्यांत विभागून बसला आहे. चित्रपटाविषयी आमची एकच तक्रार आहे. वाघिणीने मारलेल्यांच्या घरात तो फारसा थांबत नाही. त्यांचे मरण पुढाऱ्यांच्या भाषणाला निमित्त म्हणून येते आणि चित्रपटही, नकळत का होईना, त्याचा निमित्तापुरताच उपयोग करतो.

मग भयपटाने करावे तरी काय? आम्हांला याचे उत्तर गुब्बिओच्या लांडग्याच्या कथेत दिसते. असिसीच्या संत फ्रान्सिसची ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे, पण आपण ती फार गोड करून टाकली आहे. त्या कथेत लांडग्याने खरोखर माणसे मारली आहेत. संत ते नाकारीत नाही. तो लांडग्यासमोर उभा राहून त्याचे अपराध त्याला ऐकवितो, आणि तरीही त्याला ‘बंधू’ म्हणतो. मग तो गावाकडे वळतो आणि हे सारे भुकेमुळे घडले, असे सांगून लांडग्याच्या अन्नाची जबाबदारी गावावर टाकतो. तह दोन्ही बाजूंनी होतो. मृतांचा विसर नाही, श्वापदाला सैतान ठरविणे नाही, आणि माणसाला मोकळे सोडणेही नाही. या तीन गोष्टी ज्या चित्रपटात असतील तो, मग त्यात कितीही रक्त सांडो, आमच्या मते पाहण्याजोगा आहे.

श्वापदाला सैतान ठरविण्याचा मोह आपणा ख्रिस्ती लोकांना अधिक पडतो, हे इथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. आपल्या बहुतेक घरांत निष्कलंक मातेची मूर्ती असते आणि तिच्या पायाखाली साप असतो. मूल ती मूर्ती रोज पाहते. उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्प मोहाचे रूप आहे, परसातल्या धामणीचे नव्हे, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. गणनेच्या पुस्तकात मोशेने वाळवंटात उभारलेल्या पितळी सर्पाकडे पाहून दंश झालेले लोक वाचले. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या क्रुसावर उंचावले जाण्याची तुलना त्याच सर्पाशी करतो. आपल्या शिष्यांना चतुराई शिकविताना त्याला सर्पाचाच दाखला सुचला. एकच प्राणी पवित्र शास्त्रात मोहाचीही खूण आहे आणि आरोग्याचीही. चित्रपटाला हा दुहेरीपणा झेपत नाही, पण आपल्याला झेपला पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक प्राणिमात्राला, माणसाला होणाऱ्या उपयोगापलीकडे, स्वतःचे मोल आहे असे जे प्रतिपादन केले, ते विषारी सापालाही लागू आहे.

याचा अर्थ सापाचे भय धरू नये असा नव्हे. ते धरावे, पण खरे धरावे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी, जमिनीवर निजणारी माणसे. मण्यार रात्री येते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोर पोटात दुखते म्हणते, त्याच्या पापण्या मिटू लागतात, आणि काय झाले हे घराला कळण्याआधी श्वास अडखळू लागतो. या दृश्यात फणा नाही, पुंगी नाही, मणी नाही. म्हणूनच ते कोणत्याही नागपटात आले नाही! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस दवाखान्यात मिळते, पण नागपटांत वाढलेले मन आधी मांत्रिकाकडे धावते, कारण तिथे विष उतरविणारा नेहमी तोच असतो. सर्पदंश झालेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे. हा कायदा आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराला ठाऊक हवा. अशा वेळी प्रार्थना अवश्य करावी, पण ती दवाखान्याच्या वाटेवर करावी.

आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये निवर्तले. वनखात्यात उभे आयुष्य काढलेला हा माणूस २००६ साली सोलापुरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता. त्यांच्या लेखनात हिंस्र प्राणी पदोपदी येतात, पण राक्षस कधी येत नाही. जंगलात भय कुठे धरावे आणि कुठे धरू नये, हे ज्याला कळते, त्याला राक्षसाची गरज भासत नाही. आपले चित्रपटकार हे त्यांच्यापासून शिकले असते तर बरे झाले असते.

आईवडिलांना आमची विनंती एवढीच की मुलांना असे चित्रपट पाहू देताना सोबत बसावे आणि चित्रपट संपल्यावर बोलावे. यात मेले कोण आणि त्यांच्यासाठी रडले कोण? धोका ठाऊक असून गप्प कोण बसले? घाबरलेल्यांनी दोष कोणाच्या माथी मारला? या प्रश्नांची उत्तरे देता देता मूल चित्रपट पाहायला शिकेल आणि कदाचित शेजारी पाहायलाही शिकेल.

कारण करमाळ्याच्या त्या मुलीचा मृत्यू केवळ बिबट्याची गोष्ट नाही. उसाच्या फडात बिबट्याला आडोसा मिळतो. त्याच फडाच्या कडेला, दार नसलेल्या कोपीत, ऊसतोड करणारी कुटुंबे मुलाबाळांसह निजतात. उजेड नाही, भिंत नाही, मुलांना सांभाळायला कोणी नाही. बिबट्या मारला गेला आणि जिल्ह्याने सुटकेचा निःश्वास टाकला. कोप्या मात्र दर हंगामात तशाच उभ्या राहतात. ज्या दिवशी एखादा चित्रपट त्या कोपीच्या आत जाऊन तिथल्या आईच्या डोळ्यांनी काळोखाकडे पाहील, त्या दिवशी मराठीला तिचा खरा भयपट मिळेल. तोवर त्या काळोखाकडे आपणच पाहिले पाहिजे, आणि येत्या गळीत हंगामात आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतील कोप्यांपर्यंत एखादा कंदील, एखादा पत्रा, एखादी बाळवाडी नेता येईल का, याचा विचार आताच केला पाहिजे.